मेथीची उजवी बाजू

"काका, घोडीला जरा आडवी उभी करा ना. समोरून बरगड्या दिसतायत तिच्या."

आत्मारामने मेथीला चिकूच्या झाडाखाली आडवी उभी केली. बेव्हर्ली पार्कात ऑफिस असलेला एजंट निकेत मोबाइल डोळ्यांसमोर धरून व्हिडिओ काढत मागे मागे सरकत होता. मागे शेण पडलं होतं. आत्मारामने ते पाहिलं, पण सांगितलं नाही.

"डोळे मिटतेय ती, काका."

"म्हातारी झालीय. दुपारची झोप येते तिला."

"हे असलं कस्टमरसमोर बोलू नका हां!" निकेत म्हणाला आणि शेणात पाय घालून मोकळा झाला.

'घोडे पाळणाऱ्यांच्या शेजारात दोन एकर फार्म, तबेल्यासह विकणे आहे.' जाहिरात अशी होती आणि तिच्यात खोटं काही नव्हतं. राईच्या पुढे, उत्तनच्या रस्त्यावरून आत वळलं की पाच-सहा वाड्या लागत. त्यांतल्या तिघांकडे घोडे होते. रविवारी सकाळी मुंबईहून मालक येत, टोप्या घालून मातीच्या वाटेवरून घोडी फिरवत आणि ऊन चढलं की निघून जात. उरलेले सहा दिवस घोडे आणि राखणदार एकमेकांची तोंडं बघत बसत.

आत्माराम मूळचा मंडणगडचा. भाईंदरला आला तो स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात. तिथे छातीत धूळ गेली, खोकला लागला, आणि कुणाच्या तरी ओळखीने तो या वाडीच्या शेठकडे राखणीला लागला. तोवर त्याने घोडा फक्त वरातीत पाहिलेला. चार वर्षांची घोडी आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने शेठाणीच्या पिशवीतली मेथीची जुडी ओढून खाल्ली, म्हणून ती मेथी. त्याला एकवीस वर्षं झाली. शेठाणी गेल्या, यंदा शेठही गेले. त्यांचा मुलगा नीरज कॅनडात होता. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "आत्माराम, जो जागा घेईल त्याची घोडी. मी इथून काय करणार?"

म्हणजे मेथीचं पुढे काय होणार, ते गिऱ्हाइकावर अवलंबून होतं. आणि गिऱ्हाइकाला जागा दाखवणार होता आत्माराम. त्याने ठरवलं, घोड्याची माया असलेल्या माणसाच्याच हातात ही जागा पडली पाहिजे. बायको वासंती म्हणाली, "एकदम मालकच झालात की!" पण तिचाही जीव मेथीवर होता. रोजची शिळी भाकरी मेथीला तिच्याच हातून जायची.

पहिलं बरं गिऱ्हाईक आलं ते खारी गावातलं. शशिकांत नावाचा मंडपवाला. गळ्यात जाड चेन, गाल गुटख्याने फुगलेला. गोदाम अपुरं पडत होतं, म्हणून त्याला बांबू, कापडं आणि खुर्च्या ठेवायला आणखी जागा हवी होती. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, तबेला पाहिला आणि मेथीकडे बोट केलं.

"ही जागेबरोबर हाय?"

"हाय. पण तुम्हाला काय करायचीय?"

"मना काय करायचं? राहील इथंच. गवत तरी खाईल."

मंडपवाला आणि घोडी, आत्मारामच्या डोळ्यांसमोर लगेच वरात उभी राहिली. पाठीवर नव्वद किलोचा नवरदेव, कानाशी बँजो, पुढे फटाके. त्याने निकेत फोनवर बोलतोय असं बघितलं आणि हळूच म्हणाला, "शेठ, एक सांगतो. उधाणाला खाडीचं पाणी पार तबेल्यापर्यंत येतं. कापडं कुजतील तुमची."

शशिकांतने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाजूला पिंक टाकून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." आणि गेला. पाणी तीस वर्षांत फाटकाच्या आत आलं नव्हतं. त्या रात्री आत्माराम शांत झोपला.

महिनाभराने मिनल मॅडम आल्या. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि गाडीतून उतरल्या त्या सरळ तबेल्याकडे. आत्मारामला वाटलं, देव पावला. त्याने सकाळीच मेथीला आंघोळ घातली होती, आयाळ विंचरली होती, खुरांना खोबरेल चोळलं होतं. वासंती म्हणाली होती, "आपल्या लेकीला, संजनाला बघायला पाहुणे आले होते तेव्हासुद्धा एवढं केलं नव्हतंत."

"वय काय?" मॅडमनी विचारलं.

"पंधरा."

"जरा चालवून दाखवा ना."

आत्माराम मेथीला घेऊन वाटेवरून गेला आणि आला. मेथीनेही लाज राखली, मान वर ठेवून चालली. मॅडम मात्र मेथीकडे बघतच नव्हत्या. त्या आत्मारामकडे बघत होत्या.

"काका, तुम्ही उजवीकडून का धरता? घोडा नेहमी डावीकडून धरतात."

तीन वर्षांपूर्वी मेथीच्या डाव्या डोळ्यात पांढरं आलं होतं. तेव्हापासून तो उजव्या बाजूनेच जायचा. डावीकडून जावंच लागलं, तर आधी "मी आहे गं" म्हणायचा, नाहीतर ती दचकायची. सवय इतकी अंगात मुरली होती की आज एवढी तयारी करताना हे लपवायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मॅडमनी डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. मग ओठ वर करून दात पाहिले.

"पंचवीसच्या आत नाही ही," त्या म्हणाल्या. रागाने नाही. आत्मारामला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जागा त्यांनी घेतली. आत्मारामलाही ठेवून घेतलं, वर पगार वाढवला. "तुम्ही घोडा सांभाळता ते दिसतं," त्या म्हणाल्या. "पुण्याहून माझे दोन घोडे येतील शुक्रवारी. हिचे मात्र काका, आता हाल करू नयेत. दात गेलेत, डोळा गेलाय. त्याच दिवशी डॉक्टरला बोलावू. एक इंजेक्शन असतं, कळतसुद्धा नाही. मी माझ्या पहिल्या घोड्याला असंच जाऊ दिलं. खूप रडले, पण तेच बरोबर होतं."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. घोड्यावर माया असलेलं माणूस आत्मारामला हवं होतं, ते मिळालं होतं. तो घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"आपणच जाऊ या तिला घेऊन," तो म्हणाला.

"कुठं? संजनाकडे? हाटकेशला तिसऱ्या मजल्यावर?" वासंती म्हणाली. "आपलं वय बघा. या वयात नोकरी सोडून कुठं जाल?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तो मंडपवाला काय म्हणाला होता हो? गवत खाईल म्हणाला होता ना?"

निकेतकडून नंबर मिळाला. आत्मारामने तीनदा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. चौथ्यांदा पलीकडून शशिकांतचाच आवाज आला.

"शेठ, राईहून आत्माराम बोलतोय. घोडीवाला. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पाणी तबेल्यापर्यंत येत नाही."

"माहीत हाय."

"माहीत होतं?"

"अरे, माझा बाप मिठागरात राबला. उधाण मना तू शिकवणार? जागा बघताच कळलं."

"मग गेलात कशाला?"

"राखणदारालाच मी नको होतो. तिथं लाखाचं सामान टाकून मना झोप लागली असती?" शशिकांत हसला. "अजून जागा शोधतोय. पण तू खोटं का बोललास, ते सांग."

"तुम्ही तिला वरातीत नाचवाल असं वाटलं."

मग आत्मारामने सगळं सांगितलं. खरं वय, डोळा, दात, शुक्रवार. कोंडा भिजवून द्यावा लागतो हेही सांगितलं. मग म्हणाला, "मी खोटं बोललो, तुमची जागा गेली. मागायचं तोंड नाही मला."

"खोटं तू बोललास. घोरी कुटं बोलली? आण तिला. गोदामाच्या मागं गवत हाय. तुला मात्र जागा न्हाय."

गुरुवारी उजाडताच आत्माराम मेथीला घेऊन निघाला. मॅडमना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सांभाळतील ना नीट?" वासंतीने फाटकात भाकरी दिली आणि पाठ फिरवून आत गेली. राई, मुर्धा, मग भाईंदरची गर्दी. रिक्षावाले वाट देत होते. दुधाच्या दुकानापाशी एकाने विचारलं, "चाचा, किसकी शादी है?" पुलाखाली दुसऱ्याने तेच विचारलं, पुढे भाजीवाल्या बाईनेही. आत्माराम प्रत्येकाला सांगत गेला, "शादी नहीं है. घर बदल रही है."

भाजीवालीकडून त्याने मेथीची जुडी घेतली.

खारीत बिल्डिंगांच्या मधोमध शशिकांतचं गोदाम होतं. मागे पत्र्याची शेड, खाली नवीन वाळू टाकलेली. कापडी कमानीचा एक जुना तुकडा ऊन येऊ नये म्हणून बांधला होता. शशिकांत बनियनवर बाहेर आला आणि डावीकडून मेथीजवळ जाऊ लागला.

"तिकडून नको. उजवीकडून या. डावीकडून यायचंच झालं तर आधी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज कळला पाहिजे."

शशिकांत वळसा घालून उजवीकडे आला आणि त्याने हात पुढे केला. मेथीने तो हुंगला. गुटख्याचा वास आवडला नसावा, पण तिने मान काढून घेतली नाही.

"रविवारी येतो," आत्माराम म्हणाला. "उद्या दोन नवीन घोडे येणार आहेत. मला निघायला हवं."

त्याने जुडी सोडून उजव्या बाजूला, तिला दिसेल अशी ठेवली. ती मान खाली घालून खाऊ लागली. आत्माराम तिच्या मागून लांबून फिरून डाव्या बाजूला आला. तिथे क्षणभर थांबला. सवयीने तोंडात आलेलं "मी आहे गं" त्याने गिळलं आणि चपलांचा आवाज न करता फाटकाबाहेर पडला.