बळीरामच्या पाळीचा उन्हाळा

मित्रांनो, तुमच्याकडे उन्हाळ्यात एखाद्या खिडकीतून वाळ्याचा ओला वास आला, तर आत कोण बसलंय ते वेगळं सांगायला नको. मी एक जुना कूलर आहे. माझी पाठ रस्त्याकडे असते आणि तोंड खोलीकडे. रस्त्यावर कोण कुणाशी भांडलं तेही मला कळतं आणि घरात कोण कुणावर रुसलं तेही. मला भोचक म्हणा हवं तर, पण तेवीस वर्षं खिडकीत बसल्यावर तुम्हीसुद्धा भोचकच झाला असता.

माझा जन्म १९६५ च्या एप्रिलमध्ये, नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाला. परीक्षा तोंडावर आली होती, होस्टेलच्या खोल्या रात्रंदिवस तापत होत्या आणि एका बॅचच्या अकरा पोरांना अभ्यास सोडून बाकी सगळं सुचत होतं. त्यातला बळीराम भिवापूरचा. त्यानं घरची धान्य ठेवायची जुनी पत्र्याची कोठी एस.टी.च्या टपावर टाकून आणली आणि तिच्या पत्र्यातून माझं अंग घडलं. पहिला अख्खा उन्हाळा माझ्या हवेला ज्वारीचा वास यायचा. पंखा भंगारातला, तीन बाजूंना ताट्या वाळ्याच्या. पाण्याचा पंप काही मिळाला नाही, म्हणून दर अर्ध्या तासानं कुणीतरी उठून ताट्यांवर मगानं पाणी ओतायचं असं ठरलं.

आता उठायचं कुणी, यावरून रोज महाभारत. शेवटी शालिकरामनं यादी केली. हा शालिकराम म्हणजे बॅचचा कायदेपंडित, जेवायला बसतानासुद्धा नियम काढणारा. यादीत पहिला ताराचंद, दुसरा तो स्वतः, तिसरा बळीराम, चौथा धोंडबा आणि पुढे उरलेले सात. ज्याची पाळी त्यानं उठायचं, तापानं फणफणला असला तरी.

कॉलेज सुटलं, यादी काही सुटली नाही. १९६८ पासून नवाच रिवाज पडला. दर मे महिन्यातला एक शनिवार-रविवार सगळ्या अकरा जणांनी एकाच्या घरी जमायचं, त्याच यादीच्या क्रमानं. ज्याची पाळी, त्याच्या घरी मी जायचो आणि पुढच्या मेपर्यंत तिथेच राहायचो. मे महिनाच का? शेतीवाल्यांना तेव्हाच सवड, मास्तर झालेल्यांना तेव्हाच सुट्टी. आणि दोन्ही दिवसांचा पहिला मग यजमानाच्या घरच्यांनी माझ्या ताट्यांवर ओतायचा, त्याशिवाय गप्पांना सुरुवात नाही.

असा मी घरोघर हिंडलो. हिवाळ्यात मला कुणी विचारत नसे. अंगावर पोतं टाकून मागच्या पडवीत लोटून देत. एका घरी माझ्या डोक्यावर मूगवड्या वाळल्या, एका घरी मांजर व्यालं. उन्हाळा आला की तीच माणसं माझ्यासमोर चटई टाकून म्हणत, "वा, काय हवा आहे!" मला त्याचं वाईट वाटत नसे. मला एकाच गोष्टीची ओढ असायची, ती मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांची.

त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त कोण बोलायचं, सांगू? बळीराम! माझ्या पंख्याच्या घरघरीवर मात करील असा त्याचा एकट्याचाच आवाज होता. रविवारच्या दुपारपर्यंत त्याचा घसा बसायचा, तरी गडी हातवारे करून गोष्ट पुरी करायचा. मला वाटे, हा माणूस घरी बायकोच्या कानांचं काय करत असेल कोण जाणे.

१९८० साली मी शालिकरामकडे सक्करदऱ्याला होतो. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बळीराम काविळीनं गेला. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी, वय चाळिशीच्या आत. ही बातमी शालिकरामनं पडवीत उभं राहून आपल्या बायकोला, गोपिकाला, सांगितली. मी पोत्याखाली होतो. बातमी सांगता सांगता तो माझ्यावर हात टेकून उभा राहिला.

पुढची पाळी बळीरामचीच होती. फेब्रुवारीत शालिकरामनं दहा पोस्टकार्डं समोर घेतली, आणि मग त्यातलं एक बाजूला ठेवून नऊच लिहिली. मजकूर एकच: 'यंदा बळीरामची पाळी वगळू. वहिनींना त्रास नको. धोंडबानं तयारी करावी.' सगळ्यांची उत्तरं आली, योग्य केलंस म्हणून. सगळे भले लोक, एकापेक्षा एक समजूतदार. पण मला एक कोडं पडलं होतं. ज्या बाईचा त्रास वाचवायचा, तिला कुणी विचारलं होतं का?

एप्रिल उजाडला. शालिकराम अंगणात माझ्या ताट्या बदलत होता. इतक्यात फाटकातून एक बाई आत आल्या. सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल झालेला. या बळीरामच्या पत्नी, वच्छलाबाई. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. बळीराम पहिल्या फेरीत यजमान झाला तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. गोपिकाबाईंनी गूळ-पाणी दिलं. पाणी पिऊन त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊजी, यंदा आमची पाळी होती ना? पोस्टकार्ड नाही आलं."

शालिकराम गडबडला. "वहिनी, तुमच्यावर एवढं मोठं संकट आलं. त्यात दहा माणसांचा स्वयंपाक, उठबस... म्हटलं तुमाले तरास नको. म्हणून धोंडबाकडे ठरवलं."

"मले विचारलं काहून नाही?"

कायदेपंडित हातातली ताटी उगीच उलटीसुलटी करत राहिला.

"ते गेले म्हणून आमचं घरबी यादीतून गेलं का, भाऊजी?"

"तसं नाही वहिनी. पण घरात पुरुषमाणूस नाही. लोक काय म्हणतील?"

"घरात सासू आहे माझी. जिजाबाई म्हणतात तिले. दहा पुरुषांले एकटी पुरून उरते." गोपिकाबाईंना हसू आलं, पण वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दरसाल मे महिन्यात ते शनिवारी पिशवी घेऊन निघत अन् रविवारी संध्याकाळी घरी येत. येत तेव्हा घसा बसलेला राहे. नऊ वर्षांच्या संसारात माझ्या घरी त्या माणसाचा घसा कधी बसला नाही, भाऊजी. दिवसाले दहा शब्द बोलले त लय झालं. मी बोलत राहायची अन् ते भिंतीकडे पाहत राहायचे. तुमच्यात येऊन ते काय बोलत होते, ते मले ऐकायचं आहे. माझ्या पोरीले ऐकवायचं आहे."

मित्रांनो, मी त्या दिवशी वायरीला जोडलेला नव्हतो, नाहीतर माझा पंखा जागीच थांबला असता. दिवसाला दहा शब्द? आमचा बळीराम? माणूस एकच होता, की घरी एक ठेवून तो दुसराच आमच्याकडे पाठवत होता? पंधरा उन्हाळे ज्याला ऐकलं, त्याच्याबद्दल मला अर्धंच ठाऊक होतं. आणि समोरच्या बाईला उरलेलं अर्धं.

"विचारतो सगळ्यांले," शालिकराम पुटपुटला.

"विचारता काय?" गोपिकाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "आजच दुसरे पोस्टकार्ड लिहा. पाळी त्यायची आहे."

अशा रीतीनं मी ठेल्यावर बसून हिंगणा रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. मेचा दुसरा शनिवार ठरला. तोवर वच्छलाबाईंनी घर सारवलं, शेजारून चटया आणल्या, भिवापूरच्या मिरच्यांचा ठेचा वाटून ठेवला. त्यांची आठ वर्षांची मुलगी, कौशल्या, रोज माझ्यात तोंड घालून ओरडायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून हसायची.

दहाच्या दहा जण आले. पण बळीरामच्या घराच्या उंबऱ्याशी येताच सगळ्यांची तोंडं शिवल्यासारखी झाली. पहिला मग ओतायची वेळ आली. वच्छलाबाईंनी हात पुढे केला, तोच शालिकरामनं घाईनं मग उचलला. "राहू द्या वहिनी, मी ओततो." पुन्हा तोच समजूतदारपणा! वच्छलाबाईंचा हात तसाच राहिला. कोपऱ्यात जिजाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "यजमानाच्या घरानं ओतायचं असते म्हणतात ना? मग ओत वं, वच्छला. काहून थांबली?" शालिकरामनं मुकाट्यानं मग खाली ठेवला. वच्छलाबाईंनी तिन्ही ताट्यांवर सावकाश पाणी ओतलं, आणि मी माझ्या परीनं होती नव्हती तेवढी गार हवा सोडली.

पण गप्पा? दहाही जण गुडघ्यावर हात ठेवून ओळीनं बसले. एक म्हणाला, बळीराम फार चांगला होता. दुसरा म्हणाला, मनानं मोठा होता. तिसरा म्हणाला, असा माणूस होणे नाही. वांग्याची भाजी झाली, आंब्याचा रस झाला, शनिवारची दुपार गेली. रविवारी जेवणं आटोपली तरी चांगुलपणा संपेना. संध्याकाळी सगळे आपापल्या गाड्या धरणार होते. वच्छलाबाई दाराशी बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेनं पाहत होत्या आणि प्रत्येक वेळी खाली मान घालत होत्या. माझा जीव नुसता तळमळत होता. अरे, बळीराम तुमच्यात काय काय बोलायचा ते मला सगळं ठाऊक आहे, पण मला घरघरण्यापलीकडे काही येत नाही!

शेवटी वच्छलाबाईंनाच राहवलं नाही. "ते चांगले होते, हे मले माहीत आहे. मी बायको होती त्यांची. दोन दिवसांपासून तुमी मले चांगलंच सांगून राहिले. आता काही वाईट सांगा."

ताराचंदनं घसा खाकरला. हा नकलाकार माणूस, दोन दिवस गप्प बसून अर्धा झाला होता.

"वहिनी, राग येईन तुमाले."

"आला त येऊ द्या."

"तो... तो तुमची नक्कल करत होता."

"चूप बे, ताराचंद!" शालिकराम ओरडला.

"माझी?" वच्छलाबाई ताठ बसल्या. "कशी? करून दाखवा."

ताराचंद उठला. धोंडबाचा दुपट्टा ओढून डोक्यावर पदर घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि सुरू झाला. "अवो, ऐकून राहिले का? दूधवाल्यानं आज पुन्हा पाणी घातलं. दुधात पाणी टाकते का पाण्यात दूध, तेच समजत नाही मले. तुमाले समजते का? तुमाले काहून समजन! तुमी त भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडर तरी तारीख सांगते!"

जिजाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. मग म्हातारी फसकन हसली. कौशल्या तर गडाबडा लोळायलाच लागली. "आई, तू अशीच बोलते! अशीच!"

वच्छलाबाई हसत नव्हत्या. त्या ताराचंदकडे टक लावून पाहत होत्या. "हे मी बोलली होती. कौशल्या चार वर्षांची होती तेव्हा. शब्दन् शब्द हेच बोलली होती. तुमाले कसं माहीत?"

"सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात त्यानंच करून दाखवलं," ताराचंद म्हणाला. "दरसाल तेच चाले, वहिनी. वर्षभर तुमी जे जे बोलल्या ते सारं. भाजीवालीचं भांडण, सासूबाईंचा उपवास, पोरीचा पहिला दात. दोन दिवस पुरत नव्हते त्याले. एकदा परतीच्या वाटेवर मी त्याले विचारलं, बळीराम, तू घरी काहून नाही बोलत? तर म्हणे, ती इतकी छान बोलते, मधात मी काहून बोलू?"

"म्हणजे ते ऐकत होते?" वच्छलाबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "मले वाटे, मी भिंतीशीच बोलून राहिली."

त्या उठल्या, डोळ्यांना पदर लावला आणि तरातरा माझ्याकडे आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि त्या बाईंनी खट्कन माझं बटण बंद केलं!

"याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि ताराचंदच्या समोर मांडी घालून बसल्या. "आता सांगा भाऊजी. पहिल्या सालापासून सांगा."

दहा माणसं, दोन बायका आणि एक पोर घामानं निथळत बसली होती. कुणी हातपंखासुद्धा मागितला नाही. धोंडबाला आठवलं, शालिकरामला आठवलं, मग एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलू लागला. वच्छलाबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. त्या संध्याकाळी कुणीच आपली गाडी धरली नाही. बंद पडून राहण्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आता १९८८ साल आहे. मला पंप बसलाय, पत्र्याला दोनदा रंग लागलाय. मित्रांनो, कूलरची निगा राखा, दर उन्हाळ्यात ताट्या बदला, टाकीतलं पाणी साचू देऊ नका, हे सगळं तुम्हाला मोठी माणसं सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. एखाद्या घरातलं माणूस गेलं, तर त्या घराची पाळी परस्पर वगळू नका. दार वाजवा आणि विचारा. गेलेल्या माणसाची एखादी गंमत तुमच्याजवळ असेल, तर ती बरी की वाईट याचा विचार करत बसू नका, त्याच्या घरी नेऊन द्या. वच्छलाबाईंना जे हवं होतं, ते त्या दहा जणांकडे वर्षानुवर्षं पडून होतं, आणि ते आपल्याजवळ आहे हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.