टोप्यांचा ‘र’

चिंचोका गुळगुळीत होता — एका अंगानं तपकिरी, दुसऱ्या अंगानं फरशीवर घासून पांढरा केलेला, आणि घासणाऱ्यानं तो इतका मन लावून घासला होता की कृपादानच्या अंगठ्याला त्याचा रागच आला. शिक्षकांच्या खोलीतल्या लांब टेबलावर फळी, फळीवर खडूनं आखलेले चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात असाच एक चिंचोका. पांढरी बाजू वर असली तर त्या जागेवरच्या पोरानं टोपी घालायची, तपकिरी असली तर बोडकं बसायचं. मैदानावर रांगांनी बसलेली पोरं, काळ्या केसांमधून उठून दिसणाऱ्या पांढऱ्या टोप्या, आणि गच्चीवरच्या पाहुण्यांना दिसणार ते अक्षर... शिट्टी वाजली की काही टोप्या उतरणार, काही चढणार, आणि त्याच पोरांमधून ‘भा’ जाऊन ‘र’ उमटणार, मग ‘त’. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून यंदाच्या पंधरा ऑगस्टला. ही कल्पना राधाकृष्णची. तो गणिताचा शिक्षक. राजूरहून बदलून येऊन त्याला इथं कोपरगावात पुरतं वर्षही झालं नव्हतं.

आता फळीवर ‘र’ मांडलेला होता, मधली सुट्टी होती, आणि खोलीत कृपादानशिवाय कुणी नव्हतं.

अक्षर म्हटलं की या शाळेत आजवर कृपादानचं, यात वाद नव्हता. फळ्यावरचा सुविचार त्याचा, नाटकाचे बोर्ड त्याचे, आणि दरसाल मैदानावर चुन्याच्या फक्कीनं काढलेलं ‘सुस्वागतम्’ त्याचं — पाटीभर फक्की घेऊन, कमरेत वाकून, मागं सरत सरत उकार असा ओढायचा की बघणाऱ्यानं चप्पल काढून बाजूनं जावं. लोक खरंच बाजूनं जायचे. आणि यंदा हेडमास्तर म्हणाले, ‘फक्कीचं राहू द्या, कृपादान सर. तुम्ही जरा गच्चीवरच्या सतरंज्यांचं बघा.’ सतरंज्यांचं... चित्रकलेच्या शिक्षकानं सतरंज्यांचं बघायचं.

बरं, हे शाळेतच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण परवा रोझी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘अहो, ते टोप्यांचं अक्षर करणारे सर कोण हो? चर्चमध्ये सगळ्या बाया बोलत होत्या.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, फक्की फासलेले हात घेऊन तो दरवर्षी घरी येतो, आणि तिनं कधी विचारलं नाही की आज काय लिहिलंत. ‘आहे एक गणितवाला,’ तो म्हणाला, आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठला. पोटात दुखत होतं म्हणून — ते खोटं नव्हतं. रविवारच्या शाळेत शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नये एवढं शिकवलं होतं; शेजाऱ्याच्या चिंचोक्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. शिपाई बन्सीसुद्धा सकाळी घंटेपाशी म्हणाला, ‘ह्यो गणिताचा मास्तर लई डोकेबाज हाय, सर.’ कृपादान हसला होता. त्या हसण्यानं अजून गाल दुखत होते.

एकच चिंचोका पालथा करायचा. फळीवरचं अक्षर राधाकृष्ण कागदावर उतरवून घेणार, त्यावरून पोरांना त्यांच्या टोप्या सांगणार, आणि त्या दिवशी पाहुणे गच्चीवरून माना वाकड्या करून बघणार की हे नेमकं काय... मग कुणीतरी म्हणेलच, अक्षराचं काम कृपादान सरांचं हो.

‘र’चं पोट जिथं वळून पाय होतं, तिथला पांढरा चिंचोका त्यानं उलटा केला. तपकिरी झाला. पुरता बिघडला का बघावं म्हणून तो खुर्चीवर चढला, कारण गच्चीवरून दिसेल तसं बघायला हवं होतं — आणि तिथंच थबकला. ‘र’ सुटला होता. मघापर्यंत त्या जागी गाठ बसली होती, ती गेली होती, आणि पाय मोकळा होऊन पुढं पडला होता. करायला गेला मारुती आणि झाला गणपती.

तो उतरला. चिंचोका पुन्हा पांढरा केला. गाठ पुन्हा बसली, भातातला खडा दाताखाली यावा तशी डोळ्याला लागली, आणि बोटानं तो आपसूक उलटवला. मग दुसरा बिघडवून पाहिला, तो तसा ठेववेना. तिसरा... पायाचं टोक आखूड होतं, तिथला एक पांढरा केला, आणि पुन्हा खुर्चीवर चढला. आपण इथं कशासाठी आलो होतो हे मधला काही वेळ त्याला आठवलंच नाही.

‘वर काय करताय, सर?’ राधाकृष्ण दारात होता.

‘बघत होतो.’

राधाकृष्ण फळीवर वाकला. ‘कालपासून हा ‘र’ मला छळत होता. गाठ मारल्यासारखा दिसायचा. सकाळी कंटाळून इकडचे तिकडे केले आणि सोडून दिलं... आता बघा, कसा चालायला लागलाय. सोडून दिलं की जमतं काही काही.’

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. थोडी असती तर बरं झालं असतं. मी केलं — शब्द कृपादानच्या जिभेवर आले आणि तिथंच बसले. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता, की सर, तुम्ही हात कशाला लावलात? राधाकृष्णनं बोलावूनही आठवडाभर ज्यानं फळीकडे पाहिलं नाही, त्यानं खोली रिकामी बघून हात कशाला लावला?

‘तुम्हाला कसा वाटतो? तुम्ही बरा म्हणालात तर बरा.’

‘चांगला आहे,’ कृपादान म्हणाला. आवाजात खोट नव्हती. त्याची त्यालाच ती सापडेना. पंधरा तारखेला गच्चीवरून तो सगळ्यांपेक्षा नीट बघणार होता, टाळ्या ऐकणार होता, घरी रोझीकडून कौतुकही ऐकणार होता, आणि हेवा करायचा झाला तर करायचा कुणाचा — या माणसाचा, की स्वतःच्याच बोटांचा?

राधाकृष्णनं ‘र’ कागदावर उतरवून घेतला, चिंचोके पालथे केले आणि ‘त’ मांडायला घेतला. घंटा झाली. वर्गावर जायचं सोडून कृपादान तिथंच उभा राहिला. ‘त’चं वळण जाड होत चाललं होतं. ते सांगावं असं त्याला वाटत नव्हतं, आणि न सांगता जाववतही नव्हतं. राधाकृष्ण केव्हा एकदा बाहेर जातो याची तो वाट बघत राहिला — आणि या वेळी कशासाठी, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.