खालचे दोन खण

शनिवारी मारुतीच्या पाराजवळ रोडगे झाले आणि रविवारी सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर अडतीस माणसं येऊन बसली. कोणी पोट धरून, कोणी डोकं धरून. मी सुवर्णा, या गावची नर्स. नांदुरा–जळगाव जामोद रस्त्यावर आमचा फाटा आहे, तिथून दोन किलोमीटर आत बावीस वर्षं नोकरी काढली. उलट्या-जुलाबाचं मला नवल नाही. नवल याचं, की दुपारपर्यंत माझी ओआरएसची पाकिटं संपली आणि गावाला कारणही सापडलं होतं.

कारण म्हणजे वांग्याची भाजी.

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, ते आमच्याकडे पुरुष माणसं भाजतात आणि भाजल्यापेक्षा बोलतात जास्त. भाजी यंदा बेबीताईंच्या बचत गटाकडे दिली होती. बेबीताई सहा वर्षांपासून शाळेत खिचडी शिजवतात. नवरा गेल्यापासून त्यांचं घर त्या खिचडीवरच चालतं. पोरं रोज खातात, ताट चाटून पुसून खातात. पण बेबीताई बौद्धवाड्यातल्या, आणि गावजेवणात त्यांच्या हातची भाजी ही पहिलीच वेळ. सरपंच भागवतनं हौसेनं त्या पंगतीत भाजी वाढतानाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. रविवारी संध्याकाळी त्याच ग्रुपवर ठरलं की शुक्रवारच्या ग्रामसभेत बेबीताईंची खिचडी काढून दुसऱ्या गटाला द्यायची.

मला वाटलं, आपण चौकशी करू, रीतसर. अडतीस आजाऱ्यांना एकेक करून विचारलं, भाजी खाल्ली का? अडतीसच्या अडतीस हो म्हणाले. तालुक्याला करिष्मा मॅडमना फोन लावला. मॅडम आमच्या मोठ्या डॉक्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या. म्हटलं, सापडलं कारण.

मॅडमनी विचारलं, "जे आजारी पडले नाहीत, त्यांनी भाजी खाल्ली का?"

ते मी विचारलं नव्हतं. धडधाकट माणसाला कशाला विचारायचं?

"सिस्टर, त्या अडतीसही जणांच्या पायात चपला असतील. मग चपलांनी झालं का?"

मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. मग मॅडमनी फोनवरच मला तक्ता शिकवला. चार खण आखायचे. वरच्या ओळीत भाजी खाल्लेले, खालच्या ओळीत न खाल्लेले. डाव्या बाजूला आजारी, उजव्या बाजूला धडधाकट. मग वरच्या ओळीत शंभरामागं किती आजारी पडले आणि खालच्या ओळीत किती, एवढंच पाहायचं. वर पुष्कळ आणि खाली थोडे, तर भाजीवर संशय. दोन्हीकडे सारखेच, तर भाजी सुटली. पारामागच्या विहिरीचं पाणीही तपासायला पाठवा म्हणाल्या. पाठवलं. रिपोर्टला पंधरा दिवस लागणार होते आणि ग्रामसभा पाच दिवसांवर.

सोमवार-मंगळवार घरोघर फिरले. पंगतीला मला धरून बरोबर शंभर माणसं होती. एकेकाचा कागद भरला, बुधवारी तक्ता मांडला. वरच्या ओळीत अडतीस आजारी, बासष्ट धडधाकट. खालचे दोन्ही खण शून्य. रोडग्यांचा तक्ता मांडला, तेच. वरणाचा, तेच. पाण्याचा, तेच. पंगतीत वाढलेल्याला नको म्हणायचं नाही, अशी आमच्याकडची रीत, त्यामुळं सगळ्यांनी सगळंच खाल्लं होतं. मॅडम म्हणाल्या, खालची ओळ रिकामी असेल तर तक्ता काहीच सांगत नाही. आणि तक्ता काही सांगत नसला म्हणजे गाव सांगतं.

पण माझं डोकं त्या शून्यावर अडलं. शंभर माणसांत एकालाही वांगं बाधत नाही, असं गाव मी नोकरीत पाहिलेलं नाही. आमच्या रामरावजींना तर वांग्याची खाज सुटते, दर हिवाळ्याला माझ्याकडून गोळ्या नेतात, रजिस्टरला नोंद आहे. त्यांच्या घरी गेले. म्हातारे खाटेवर, सलाईन खुंटीला. मी हळूच वाट काढून दिली. म्हटलं, रामरावजी, तुम्हाला वांगं बाधतं, तुम्ही नसेल खाल्ली, त्यात काही वाईट नाही.

"खाल्ली," ते म्हणाले. "थेच त बाधली."

बायको मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांनी बेबीताईंच्या हातचं म्हणून भाजी खाल्ली नाही, ते आता नाही खाल्ली म्हणू शकत नव्हते. समोर फोटो, वर कायदा, आणि भागवत काय म्हणेल ते वेगळंच. म्हणून ते मुकाट्यानं वरच्या ओळीत जाऊन बसले होते. भाजीला हात लावला नाही तेच भाजीनं आजारी पडलो म्हणत होते. असा संताप आला मला, की कागद फाडून टाकावेत.

बेबीताईंकडे गेले. त्या शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, पंगतीत कोणी भाजी टाकली होती का? त्यांचे हात थांबले नाहीत. पत्रावळ्या उचलायचं काम त्यांच्याच गटाकडे होतं. जेवण झालं की आमच्याकडे पत्रावळ दुमडून ठेवतात, आत काय उरलं ते दिसत नाही. पण खरकटं गुरांना घालायचं म्हणून त्यांनी प्रत्येक पत्रावळ उलगडली होती. काहींमध्ये भाजी वाढली तशीच होती. बोटाचा ठसासुद्धा नाही. सगळ्या पहिल्या पंगतीतल्या, पाराजवळच्या ओळीतल्या. कोण कुठं बसलं होतं ते त्यांनीच वाढलं असल्यानं त्यांना पाठ होतं.

मला आनंदानं उभं राहवेना. म्हटलं, बेबीताई, एवढं ग्रामसभेत सांगा, तुमची खिचडी वाचते.

"नाही सांगत, सिस्टर."

काऊन, म्हणून मी जवळजवळ ओरडले. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"खाऊन बिमार पडले म्हणतेत, त्याचं मले एवढं नाही वाटत. बिमारी काय, कोणालेही येते. पण पाय तुटेपर्यंत उभी राहून म्या रांधलं, अन् त्यायनं थे झाकून ठेवलं, हे म्या माह्या तोंडानं गावाले सांगू? माह्या पोरीच्या देखत? खिचडी जाते त जाऊ द्या."

मी फार वेळ त्यांच्याकडे पाहू शकले नाही. उन्हाचं निमित्त काढून निघाले.

शुक्रवारी शाळेत ग्रामसभा भरली. भागवतनं ठराव वाचला, चौकशी होईपर्यंत खिचडी दुसऱ्या गटाकडे. मी फळ्यावर चार खण आखले, आकडे भरले आणि सांगितलं की खालची ओळ रिकामी आहे, आणि ती खोटी रिकामी आहे, आणि खोटं बोलणाऱ्यांपायी एका बाईचं घर बसतंय. बरंच बोलले. माझी जीभ सुटली की आवरत नाही. कोणी हललं नाही. बेबीताई पार मागे, भिंतीला टेकून, लेकीशेजारी बसल्या होत्या.

मग बायकांच्या बाजूनं मनकर्णाबाई उठल्या.

"आमच्या मालकानं भाजी नाही खाल्ली. घरी येऊन मले पिठलं टाकायले लावलं. अन् वरून भाजीनं बिमार पडलो म्हून सांगून राह्यले."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. रामरावजी समोरच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा पाहत राहिले. मग त्यांनी हो म्हणून मान डोलावली. त्यांच्या मागून रंगराव म्हणाले, मीबी नाही. मग एकेक करत नऊ झाले. नऊपैकी सात आजारी, दोन धडधाकट. मी वरचे आकडे पुसून नवीन लिहिले. खाल्लेले एक्याण्णव, त्यांतले एकतीस आजारी, म्हणजे शंभरामागं चौतीस. न खाल्लेले नऊ, त्यांतले सात आजारी, म्हणजे शंभरामागं अठ्ठ्याहत्तर.

दाराशी बसलेल्या कचरूनं फळ्याकडे पाहून विचारलं, म्हणजे भाजी न खाल्ल्यानं माणूस जास्त बिमार पडते काय? मी म्हटलं, नऊ माणसांवरून तसं म्हणता येत नाही, पण भाजीनं झालं असं तर मुळीच म्हणता येत नाही. भागवतनं ठरावाचा कागद दुमडून खिशात घातला. खिचडी बेबीताईंकडेच राहिली. पुढं पाण्याचा रिपोर्ट आला, विहिरीचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. ते सगळ्यांनीच प्यायलं होतं.

सभा उठली तशी बेबीताई फळ्यापाशी आल्या. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. मी तयारही होते, अहो माझं कामच आहे ते, असं म्हणायला. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ?"

"हाव. नऊ."

"पत्रावळ्या दहा होत्या, सिस्टर."

आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ किती पडलं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग लेकीचा हात धरून निघून गेल्या.

पहिल्या पंगतीत, पाराजवळच्या ओळीत, रामरावजींच्या नंतर तिसरी जागा माझी होती. पाहुण्यांना पहिल्या पंगतीत बसवतात. मी वरणाशी दोन रोडगे खाल्ले, भाजीला हात लावला नाही आणि पत्रावळ दुमडली. का, म्हणून कोणी विचारलं असतं तर भूक नव्हती म्हटलं असतं. भूक चांगली होती. सोमवारी कागद भरायला बसले तेव्हा सगळ्यांत पहिला माझाच भरला, आणि भाजी खाल्ली यावर बरोबरची खूण केली. पेन थांबलासुद्धा नाही. ओट्यावर बेबीताई माझ्याकडे नीट पाहून बोलल्या, तेव्हा त्यांना हे माहीत होतं. मला लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी हे कळेना.

मॅडमना फोन केला. म्हटलं, तक्त्यात एक दुरुस्ती आहे. नऊचे दहा.

"दहावं कोण?"

"मी."

मॅडमनी विचारलं, "तुम्ही आजारी पडला होता?"

"नाही."

"मग चौथ्या खणात लिहा."

मी दोनाचे तीन केले.