सुतकातलं ड्रॉइंग

कॉंक्रीट मिक्सरची पहिली गाडी कसबा बावड्याच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकली आहे.

हळदीकुंकवाची कोयरी उचलून फडताळात ठेवली आहे. तेराव्यापर्यंत तिचं काम नाही.

४४१७. ४४१८. ४४२०.

बाल्कनीच्या खाली भिंत नसते. तिला फक्त मागून धरलेलं असतं.

चंदगडच्या पुढं, काजूच्या झाडांत, मोबाइलला एक दांडी येते. जाते.

"स्लॅबला कसलं आलंय सुतक?"

हे शेवटचं विश्वजित म्हणाला. आता जरा क्रमानं.

गणपतराव कोल्हापुरातले बिल्डर, सगळ्यांचे आबा. विश्वजित त्यांचा मुलगा. स्नेहल त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघते. वृषभ चौगुले बावड्याच्या साइटवरचा इंजिनिअर. शनिवारी पहाटे चंदगडला गणपतरावांचे चुलतभाऊ जोतीराम वारले. गणपतराव तेव्हापासून तिकडंच आहेत. बी विंगचा तिसरा स्लॅब बुधवारी ठरला होता, तो बुधवारीच पडणार. फक्त नारळ विश्वजितनं फोडायचा नाही, वृषभनं फोडायचा. त्याच्या घरात कोणी गेलेलं नाही.

बुधवारी सकाळी विश्वजितचा फोन.

"स्नेहल, बी विंगची सगळ्या ड्रॉइंगांची यादी दे. वृषभ म्हणतोय, बाल्कनीचं नवीन येणार होतं."

"आलंय का बघते की."

"बघत बसू नगंस. यादी दे. यादीत असलं तर हाय, नसलं तर न्हाय. गाड्या निघाल्यात तिकडनं."

ऑफिसची सगळी ड्रॉइंगं एका परदेशी सॉफ्टवेअरमध्ये असतात. फोल्डर, फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. एकेक उघडत बसलं तर दुपार होते. म्हणून स्नेहलनं एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो सॉफ्टवेअरच्या मागच्या खिडकीशी जातो. या खिडकीला एपीआय म्हणतात. तिथं तो स्नेहलच्या नावानं विचारतो: या प्रोजेक्टात काय काय आहे? बरं, त्याच्या आत? त्याच्याही आत?

बी विंग. २००. ठीक.
आर्किटेक्ट. ठीक.
स्ट्रक्चर. ठीक.
स्ट्रक्चरच्या आत: स्लॅब तीन, आर टू. ठीक.
प्लंबिंग. ठीक.
फोटो. ठीक.
फोटो, पुढचं पान. ठीक.
संपलं.

आर टू म्हणजे दोनदा सुधारलेलं. आर थ्री कुठं नव्हतं. तिनं यादी पाठवली. वर लिहिलं, "हे सगळं."

विश्वजितचा अंगठा आला. मग वृषभचा नारळाचा फोटो आला.

मग बराच वेळ काही आलं नाही.

स्नेहल यादी पुन्हा बघत होती. उगाचच, झालेलं काम माणूस बघतो तशी. वर चढवलेल्या प्रत्येक कागदाला सॉफ्टवेअर ओळीनं नंबर देतं. ४४१७ प्लंबिंगचा. ४४१८ साइटचा फोटो. ४४२० साइटचा फोटो.

मधला?

कोणीतरी खोडला असेल. तिनं खिडकीशी नंबरानंच विचारलं.

४४१९. उत्तर: ४०३. परवानगी नाही.

तिनं मुद्दाम एक भलताच नंबर टाकला, कधीच न दिलेला. उत्तर: ४०४. असं काही नाही.

परत ४४१९. परवानगी नाही.

म्हणजे आहे. तिला नाही, पण आहे.

तेव्हा तिला देवघर आठवलं.

गणपतरावांची रीत जुनी. नवीन ड्रॉइंग आलं की त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, घरात जोतिबाच्या तसबिरीपुढं ठेवायचं, मगच साइटवर द्यायचं. कागद कमी झाले तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये 'देवघर' नावाचं फोल्डर करून घेतलं. डिझायनरची ड्रॉइंगं आधी तिथं पडतात. ते फोल्डर गणपतरावांशिवाय कोणाला दिसत नाही. संध्याकाळी ते फोन तसबिरीपुढं धरतात, काचेला बोटभर हळद लावतात, पुसतात आणि ड्रॉइंग साइटच्या फोल्डरात सरकवतात. आलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी बाहेर. त्यामुळं स्नेहलला त्या फोल्डरची कधी गरजच पडली नव्हती. तिच्या नावानं विचारणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसत नव्हतं, आणि काही दिसत नाहीये हेही त्याला सांगता येत नव्हतं.

सुतकात देवाला हळदकुंकू होत नाही.

"वृषभ, थांबव!"

"काय थांबव? जरा मोठ्यानं बोल, कॉंक्रीटचा व्हायब्रेटर चालू हाय."

"स्लॅब थांबव. आर थ्री हाय."

"यादीत न्हाय म्हणालीस की!"

"यादीत न्हाय. पण हाय."

"स्नेहल, देवाशप्पथ सांग, हाय का न्हाय?"

"हाय. मला उघडत न्हाय."

पलीकडं कोणीतरी ओरडलं, गाडी मागं घे, मागं, बास. मग वृषभ म्हणाला, "बाल्कनीकडनंच सुरू केलंय आपण. बाल्कनी भरली. आता मधीच थांबलो तर सांधा राहतोय, त्यो आणि वाईट. काय बदललंय तेवढं विचार डिझायनरला, ओलं हाय तोवर काय करता येतंय बघू."

डिझायनर सम्राट गोव्यात मेहुण्याच्या लग्नात होता. मागं बँड.

"व्हय, चढवलंय की मी. आर्किटेक्टनं बाल्कनी रुंद केली न्हवं? वरचं लोखंड वाढवलंय."

"किती वाढवलंय, सर?"

"असं पाठ कुठं असतंय, मॅडम? लॅपटॉप घरात हाय. तुमच्याच सॉफ्टवेअरमधी हाय बघा."

"मला दिसत न्हाय."

"मग ज्याला दिसतंय त्याला सांगा की. आणि कॉंक्रीट टाकू नका म्हणावं तोवर."

त्या बाल्कनीखालच्या फ्लॅटवाल्यांनी झोपाळ्याची कडी कुठं येणार ते आधीच विचारून ठेवलं होतं. वरच्या स्लॅबातच येणार. आत्ता पडतोय त्या.

विश्वजित म्हणाला, "आबांना लाव."

"तुम्ही लावा की, दादा."

"मी लावतोय, उचलंनात. माझ्यावर चिडल्यात. सुतकात स्लॅब टाकतोय म्हणून."

तिनं आक्काताईंना लावला. आक्काताई गणपतरावांच्या बहीण, त्याही चंदगडलाच.

"कोण पावणं?"

"स्नेहल, ऑफिसातली. आबांना द्या की जरा."

"भेटायला माणसं बसल्यात बाई. आत्ताच बिद्रीचं पावणं आल्यात. मागनं कर."

"आक्काताई, मागनं चालत न्हाय."

पायांचा आवाज. खोकला. कोणीतरी म्हणालं, चहा न्हाय दिला अजून. मग गणपतराव.

"काय गं?"

"आबा, देवघर उघडा. आर थ्री त्यात हाय."

"सुतक हाय, पोरी. तेराव्यापातूर देवाला काय दाखवायचं न्हाय."

"देवाला नको. मला दाखवा."



"खरं की," गणपतराव म्हणाले. "ह्ये ध्यानातच न्हाय आलं माझ्या. कुठं दाबायचं?"

"तुमच्या फोनवर घ्या. फोल्डरापुढं तीन टिंबं हायत बघा."

"थांब, माझा चार्जिंगला हाय. व्हय, हायत टिंबं."

"ती दाबा. खाली 'सर्वांना' असं येतंय."

"गोल गोल फिरतंय नुसतं."

"अंगणात जावा, आबा. रेंज येईल."

"फिरतंयच."

फोन तुटला.

४४१९. ४०३.

साइटवरून फोटो आला: दोघं बूट घालून ओल्या कॉंक्रीटवर फळी ओढताहेत.

४४१९. ४०३.

फोटो: बाल्कनी. गुळगुळीत.

४०३.

४०३.

तिनं विचारायचं थांबवलं. विचारून ते लवकर उघडणार नव्हतं. आणि परत सुरू केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

४०३.

२००. ठीक.

देवघर. ठीक. देवघराच्या आत: स्लॅब तीन, आर थ्री. ठीक.

उघडलं. बाल्कनीच्या वरच्या सळ्या आर टूमध्ये होत्या त्याच्या दुप्पट. बदल दाखवायला काढलेल्या लाल ढगात सम्राटनं लिहिलं होतं: जुन्या ड्रॉइंगवर काम करू नये.

त्याच मिनिटाला वृषभचा मेसेज: झाला स्लॅब. पोरांना भडंग सांगितलाय.

तिनं ड्रॉइंग पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. फोन आला तो उशिरानं, आणि मागं व्हायब्रेटरचा आवाज नव्हता.

"बाल्कनीखालचं टेकू काढायचं न्हाईत," वृषभ म्हणाला.

"किती दिवस?"

"काढायचंच न्हाईत म्हटलं."

"आणि मग?"

"मग काय? फोडायचं म्हणतील. न्हाईतर खालनं खांब द्यायचा म्हणतील, त्या फ्लॅटवाल्याच्या दारात. न्हाईतर विश्वजितदादा म्हणतील, राहू दे, काय होत न्हाय."

"म्हणाले?"

"आत्ताच म्हणालं."

स्नेहलनं प्रोग्रॅम परत एकदा चालवला. या वेळी यादी पूर्ण आली. एकही नंबर चुकलेला नव्हता. ती कोणाला पाठवायची ते तिला कळेना.

ते ड्रॉइंग शुक्रवारी दुपारी आलं होतं. शुक्रवारी अमावस्या होती, म्हणून गणपतरावांनी ते शनिवारवर ठेवलं.