जात: पिटबुल

मी लाटिक. नगरपालिकेच्या कोंडवाड्यातल्या शेवटच्या पिंजऱ्यातून बोलतोय. पिंजऱ्यावरच्या पाटीवर माझं नाव नाही. तिथे लिहिलंय: पिटबुल, नर, चावरा.

माझी आई पिटबुल होती हे खरं. बाप नावोतासच्या मासळी बंदरावर हिंडणारा कुणीतरी गावठी. दुलो त्या बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडायचा. त्याने मला शर्टात लपवून घरी आणलं. त्याच्या लेकीने, लिवायने, माझा रंग पाहिला आणि तांदळाच्या वड्यांवर पेरतात त्या नारळाच्या तपकिरी चुऱ्याचं नाव मला दिलं.

माझं डोकं थोराड, जबडा रुंद, पण मी मुलखाचा भित्रा. ढग गडगडले की पलंगाखाली शिरायचो. लिवाय माझ्या पोटावर डोकं टेकून झोपायची, तेव्हा पायाला मुंग्या आल्या तरी मी हलत नसे.

शेजारच्या पुरिंगबाईंचा (दुलो त्यांना मानाने 'आलिंग' म्हणायचा) टीचभर, पांढरा, केसाळ कुत्रा गल्लीत बऱ्याच जणांना चावला होता. लोक हसायचे, साबणाने जखम धुवायचे. "चिमटाच काढलाय जरासा," असं पुरिंगबाई म्हणायच्या. दवाखान्यात कोणी गेलं नाही, त्यामुळे तो कुठल्याच आकड्यात आला नाही.

मग पलीकडच्या वस्तीत एका पिटबुलने म्हाताऱ्याला फाडलं. म्हातारा दगावला. त्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला. संध्याकाळी पुरिंगबाई आमच्या दारात.

"दुलो, तुझ्याकडे तोच आहे ना रे?"

"हा आपला लाटिक आहे, आलिंग पुरिंग. तुमच्यासमोर वाढलाय."

"असू दे. त्या जातीचं डोकं कधी फिरेल, काय नेम? बांधून घाल. नाहीतर आम्ही तक्रार करतो."

दुलोने मला मागच्या पत्र्याच्या भिंतीशी आखूड साखळीने बांधलं. पत्रा दुपारी तव्यासारखा तापायचा. पाण्याचं भांडं कलंडलं की संध्याकाळपर्यंत कोरडंच. कुंपणावरून पोरं खडे मारायची. "काय पिटबुल, चाव की," म्हणायची. खडा नेहमी मागून यायचा. वळेपर्यंत पोरं पसार.

दुलोची बायको नेनिता एकदा म्हणाली, "घरात घे ना त्याला. बघ कसा झालाय."

"घेतला आणि काही झालं तर?" दुलो म्हणाला आणि आत गेला.

मी बदललो. झोप उडाली. पान पडलं तरी अंगावर काटा यायचा. लिवायलाही माझ्याजवळ जायची बंदी होती.

एका दुपारी ती चोरून आली. हातात भात आणि माशाचं डोकं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, नुकताच माझा डोळा लागला होता. तिने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी गर्रकन वळलो. तिचा वास ओळखला तेव्हा तिचा हात माझ्या जबड्यात होता. मी सोडला. ती ओरडली नाही. "लाटिक, मी आहे ना," एवढंच म्हणाली. मग तिने रक्त पाहिलं.

दवाखान्यातलं नेनिताने नंतर शेजारणीला सांगितलं, ते मी ऐकलं. नर्सने विचारलं, "कुठल्या जातीचा?" दुलोच्या आधीच सोबत आलेल्या पुरिंगबाई बोलल्या, "पिटबुल."

"अर्धाच," दुलो म्हणाला.

"अर्ध्याला जागा नाही यात." नर्सने लिहून टाकलं. बांधलेला होता का, उन्हात होता का, हे तिने विचारलं नाही. विचारायला कागदावर तसा रकानाच नव्हता.

मग गाडी आली. मी पिसाळलोय का ते पाहायला मला इथे ठेवलं. पिसाळलो नव्हतो.

आज सकाळी दुलो आला. अधिकारी म्हणाला, "कुत्रा निरोगी आहे. नेऊ शकता."

"गल्ली घेऊ देणार नाही, सर."

"जातच तशी. तुमचा काय दोष?"

दुलोने माझ्याकडे पाहिलं. "जात नाही, सर. मीच त्याला तसा बांधून ठेवला."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि कुत्रा नगरपालिकेच्या हवाली केल्याचा कागद पुढे सरकवला. दुलोने सही केली. जाताना तो जाळीशी वाकला. "तिचा हात बरा होतोय," म्हणाला. त्याने बोटं आत घातली, मी ती चाटली. बर्फाचा आणि मासळीचा वास होता. तो गेला.

आता मला न्यायला कोणी येईल. या पिंजऱ्यातून नेलेला कुत्रा परत येत नाही. मी कुरकुर करणार नाही. त्या माणसाकडे एकच मागणं आहे: समोरून ये बाबा. आधी हाक मार.