कानतुटका कप आणि बटरबीनचं जेवण

मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला कान नाही. एके काळी होता. मी तपकिरी मातीचा, जाड बुडाचा, म्हातारा कप आहे. होबर्ट गॅस्किन्सच्या हातून निसटून मी मागच्या पायरीवर आपटलो आणि कान गेला. बाकीचा मी वाचलो. उत्तर कॅरोलिनातल्या याच होबर्टच्या घरी, मागच्या पडवीत मी राहतो. माझं काम ऐकून तुमच्यातले काही जण नाक मुरडतील. मुरडा खुशाल! होबर्टच्या बायकोने, ओझेलाने, अकरा वर्षं मुरडलं होतं.

माझा जन्म इथल्याच लाल मातीतला. कुंभाराने मला चाकावर घडवलं, झिलईत बुडवलं, लाकडाच्या भट्टीत भाजलं. बाहेर आलो तर काय, पोटात अगदी तळाशी अंगठ्याएवढ्या जागी झिलई धरलीच नव्हती. तिथली माती उघडीच राहिली होती. "हा फसला," असं म्हणून कुंभाराने मला खराब मालाच्या खोक्यात टाकलं. जन्मल्या दिवशीच टाकाऊ ठरलो हो मी! फार वाईट वाटलं.

त्या खोक्यातून होबर्टने मला उचललं. तो तेव्हा शेंगदाण्याच्या गिरणीत कामाला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. "माझ्या पंज्यात बरोबर बसतो हा," एवढंच तो म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं मी त्याची सकाळची कॉफी सांभाळली. ओझेला त्याच्या आधी उठायची आणि कॉफी लवकर गार होऊ नये म्हणून मला चुलीशेजारी उबेला ठेवायची. माझे सुखाचे दिवस म्हणजे ते. मग कान तुटला आणि माझी रवानगी पडवीत झाली. माझ्यात खिळे भरले गेले.

गिरणीतून निवृत्त झाला त्या वर्षी होबर्ट एक सापाचं पिल्लू घेऊन आला. मक्याच्या कोठारांतून फिरणारा, नारिंगी ठिपक्यांचा, बिनविषारी साप असतो ना, त्या जातीचं. डबीत ते असं मुटकुळं करून बसलं होतं की थेट पावट्याचा दाणा. आमच्या गावात अशा दाण्याला बटरबीन म्हणतात. तेच तिचं नाव पडलं.

"होबर्ट, घरात साप राहील नाहीतर मी. ठरव तू," ओझेला म्हणाली.

होबर्टने ठरवायला जरा जास्तच वेळ घेतला, म्हणून आठवडाभर त्याला गार जेवण मिळालं. शेवटी तिने परवानगी दिली, पण अटी घालून. "पडवीत ठेव तिला. आणि तिचे ते उंदीर माझ्या भांड्यात दिसता कामा नयेत. माझ्या मोरीत धुवायचं नाही, माझ्या साबणाला हात लावायचा नाही. समजलं?"

आता बटरबीनचं जेवण म्हणजे गोठवलेले छोटे उंदीर. गावाबाहेर लर्लीनबाई ते पाळायची आणि बर्फात गोठवून द्यायची. सापाला द्यायच्या आधी ते कोमट पाण्यात सोडून मऊ करावे लागतात. त्यासाठी घरातलं कुठलंच भांडं मिळेना, तेव्हा होबर्टने माझ्यातले खिळे ओतले आणि मला त्या कामाला लावलं.

खोटं कशाला सांगू, मी आतल्या आत रडलो. कुठे ती वाफाळती कॉफी आणि कुठे हे! पण होबर्टने चिमट्यात धरून पहिला उंदीर तिच्या काचेच्या पेटीत नेला, बटरबीनने जीभ लवलव केली, झडप घातली, वेटोळं घातलं आणि अगदी निवांतपणे गिळला. मग तिने एक मोठी जांभई दिली. माझा राग त्या जांभईत कुठच्या कुठे गेला.

जेवण झालं की होबर्ट मला अंगणातल्या नळाखाली विसळायचा आणि उन्हात पालथा घालायचा. बस. ओझेलाच्या घरात साबणाचं राज्य. उंबरठासुद्धा घासला जायचा तिथे. साबणापासून सुटलेले आम्ही दोघेच, एक तिचा लोखंडी तवा आणि दुसरा मी.

अकरा वर्षांत बटरबीन वीतभर पिल्लाची चांगली चार हातांची झाली. मला पेटीशेजारच्या टेबलावर ठेवलं रे ठेवलं की ती लपायच्या पोकळ ठोकळ्यातून डोकं बाहेर काढायची. होबर्ट म्हणायचा, "बघ, कप ओळखते ती!" आतून ओझेला ओरडायची, "हो तर! उद्या तुझ्याशी बोलेल. दार लाव, माश्या येतात!"

मग यंदाचा उन्हाळा आला. बटरबीनने अंडी घातली. नर नव्हता, त्यामुळे ती फोल निघाली, पण तिचं अंग मात्र गळून गेलं. पाठीचा कणा वरून दिसू लागला. आता तिला भरपूर खायला हवं होतं आणि नेमकी त्याच महिन्यात लर्लीनबाई उंदरांचं खुराडं बंद करून बहिणीकडे फ्लोरिडाला निघून गेली. होबर्टने लांबून उंदीर मागवले, तर ऑगस्टच्या उकाड्यात खोकं वाटेतच पाणी पाणी होऊन आलं. पोस्टमनने ते काठीने ढकलत फाटकाशी ठेवलं.

गावातल्या खाद्याच्या दुकानात मिळायच्या फक्त घुशी. बांधावरच्या काळ्या नव्हेत, पाळलेल्या, पांढऱ्या. होबर्टने त्या आणल्या. पहिली घूस माझ्यात मावेना, म्हणून तो एक चकचकीत स्टीलचा वाडगा घेऊन आला. वाडगा इतका देखणा की ओझेलाला तो पडवीत बघवेना. स्वतःचीच अट मोडून ती दर वेळी तो आत न्यायची आणि लिंबाच्या वासाच्या साबणाने लख्ख घासून आणून ठेवायची. माझ्यात पुन्हा खिळे आले. वर एक सुकलेलं पेनही.

बटरबीनने घूस हुंगली आणि तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यातही तेच. होबर्टने मोठ्या घुशींऐवजी उंदराएवढी पिल्लं आणली, तरी तेच. अशा दहा घुशी वाया गेल्या. ती दिवसेंदिवस दोरीसारखी होत चालली आणि होबर्ट पेटीसमोर खुर्ची टाकून नुसता बसून राहू लागला.

शहरात डेलानी नावाची एक मुलगी होती. तिच्याकडे असे वीसेक साप. होबर्टने तिला फोन लावला.

"मिस्टर होबर्ट, वास हो वास! सापाला सगळं वासानं कळतं. पिल्लू उंदराच्या अंगावर चांगलं घासा आणि मग द्या."

"अगं पोरी, उंदीर असता तर मी घुशींच्या नादी कशाला लागलो असतो?"

 मग डेलानी हळूच म्हणाली, "माझ्याकडे उंदीर आहेत. तिला माझ्याकडे द्या. रविवारी चर्च सुटल्यावर येऊन घेऊन जाते. इतकं अंग उतरल्यावर आणखी थांबू नये."

होबर्ट "बरं" म्हणाला. फोन ठेवला आणि पडवीतून अंगणात गेला. तिथल्या नळाशी काही काम नसताना तो कितीतरी वेळ उभा होता.

मित्रांनो, तेव्हा मी खिडकीत खिळे पोटात घेऊन बसलो होतो आणि मला सगळं कळत होतं. अरे, उंदीर नसला म्हणून काय झालं, मी आहे ना! अकरा वर्षं तो वास माझ्यात मुरलाय! पण मला तोंड असून आवाज नाही. इतका असहाय मी खोक्यातसुद्धा नव्हतो.

शनिवारी दुपारी ओझेला मक्याचा पाव भाजत होती. डेलानीचं ते वासाचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. पडवीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला ती दिसत होती. पाव काढून झाल्यावर ती नेहमीप्रमाणे लोखंडी तवा नुसत्या फडक्याने पुसू लागली. बोलत होती स्वतःशीच, पण होबर्टला ऐकू जाईल अशा बेताने. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला सूनबाईंनी साबण लावून घासला होता हा तवा. चाळीस वर्षांची चव गेली धुऊन! सहा महिने पाव चिकटत होता. लोखंडात मुरलेलं असतं ते, एकदा गेलं की..."

आणि ती थांबली. फडकं हातातच राहिलं.

"होबर्ट! तो तुझा कानतुटका कप कुठाय?"

"खिडकीत. का?"

"त्याला कधी साबण लावला होतास?"

"तूच तर लावू दिला नाहीस."

ओझेला स्वतः पडवीत आली, जी अकरा वर्षं त्या पेटीकडे पाठ करून चालायची ती. तिने खिळे टेबलावर ओतले, मला नाकाशी धरलं आणि "ईऽऽ, देवा!" म्हणून तोंड वाकडं केलं. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी शिवी दिली नव्हती. मग तिने माझ्यात कोमट पाणी भरलं. होबर्टने घुशीचं पिल्लू सोडलं. माझ्या तळाशी, जिथे झिलई धरली नव्हती, तिथल्या मातीने जे जे साठवलं होतं ते सगळं मी पाण्यात सोडलं. जितकं होतं तितकं सगळं.

तिने मला टेबलावर ठेवलं. ठोकळ्यातून डोकं बाहेर आलं. जीभ लवलवली, थांबली, पुन्हा लवलवली. होबर्टने चिमट्यात धरून पिल्लू पुढे केलं.

"हात स्थिर ठेव, म्हाताऱ्या," ओझेला कुजबुजली.

आणि बटरबीनने झडप घातली. वेटोळं पडलं. दोघं वाकून बघत होते. शेवटची शेपटी आत गेली आणि जांभई आली, तीच जुनी. होबर्टने डोळे पुसले. ओझेलाने पुसले नाहीत, एप्रनला हात पुसले आणि ती तवा जागेवर ठेवायला आत गेली. 

रविवारी डेलानी खोकं घेऊन आली. बटरबीनच्या पोटात छान फुगवटा दिसत होता.

"अय्या, जेवली ही! घुशीवर?" ती म्हणाली. "मग आज नाही नेता यायची. जेवलेल्या सापाला दोन दिवस हलवायचं नसतं."

"दोन दिवसांनी ती पुन्हा जेवेल," ओझेला म्हणाली. "बस तू. मक्याचा पाव खाऊन जा. खोकं रिकामंच ने."

घुशींची पुढची चार-पाच पिल्लं माझ्यातूनच गेली. मग बटरबीनला घुशीची चव लागली. एकदा होबर्टने घाईत स्टीलच्या वाडग्यातून दिली, तर तीही तिने बिनतक्रार खाल्ली. मी समजून गेलो, आपलं काम संपलं. पुन्हा खिळे येणार.

"आता वाडगाही चालतो हिला," होबर्ट म्हणाला. "कप ठेवून देऊ का?"

ओझेलाने वाडगा उचलला आणि उकळत्या पाण्यात घासून पीठ मळायला वापरायचा म्हणून आपल्या स्वयंपाकघरात नेला. जाता जाता म्हणाली, "तिला चालत असेल. मला चालणार नाही."

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्याही घरात कोपऱ्यात पडलेलं, कान तुटलेलं काहीतरी असेल. ते फेकायच्या आधी, घासायच्या आधी, त्याने इतकी वर्षं काय जपलंय ते एकदा विचारा. त्याला सांगता येत नाही. माझ्यातून कॉफी मात्र पिऊ नका! मी आता नळाशेजारच्या दगडावर उन्हात पालथा आहे आणि शनिवारी बटरबीनचं जेवण आहे.