चरबीत मुरलेलं हार्मोन

प्रयोगशाळेत त्याला तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'सदाबहार'. साठी उलटून गेली तरी केस काजळासारखे काळे, शर्ट पोटावर ताणलेला, आणि चालू लिफ्ट सोडून जिन्याने धापा टाकत वर यायचं आणि "काय, दमलात वाटतं!" असं इतरांनाच विचारायचं, ही खोड. तरुण दिसण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या खाणाऱ्यांवर तो वर्तमानपत्रातल्या सदरात यथेच्छ तोंडसुख घ्यायचा. 'बाजारू तारुण्य' हा त्याचा लाडका शब्द.

खरं काम करायची त्याची वहिनी, थोरल्या भावाची बायको. तीही त्याच्याइतकीच शिकलेली, पण तो विभागप्रमुख आणि ही "मॅडम, जरा बघा ना." मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी त्या गोळ्यांतलंच, वयाबरोबर घटणारं हार्मोन बनवते. त्यातलं थोडं मेदाम्लाला चिकटतं, ग्रंथीच्या चरबीत साठतं आणि रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसून अंगभर हिंडतं. नेहमीच्या तपासणीत ते दिसतच नाही. आधी चरबी वेगळी काढायची, मग अल्कली घालून ती जोडी फोडायची, तेव्हा कुठे मोजता येतं. वहिनीने ही रीत कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींवर बसवली होती. बर्फाचा डबा उघडला की सदाबहार नाकाला रुमाल लावून खिडकी गाठायचा, आणि व्याख्यानात मात्र "या हातांनी सोललेल्या ग्रंथी" म्हणून पंजे दाखवायचा.

पुढे माणसांच्या रक्ताची पाळी आली. कधीही हार्मोनची गोळी न घेतलेली वयस्क माणसं हवी होती.

"शोधता कशाला? मी आहे की!" तो म्हणाला.

त्याच्या रक्तातलं मोकळं हार्मोन वयाला साजेसं निघालं. तो खूश झाला. पण मेदाम्लाला चिकटलेलं मोजलं तर आकडा बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट. वहिनीने नवी भांडी घेऊन पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. आकडा हलला नाही.

बैठकीत त्याने तो कागद दोन बोटांनी उचलला. "मॅडम भांडी नीट घासत नाहीत. घरीसुद्धा हीच बोंब आहे."

विद्यार्थी हसले, साहेब हसला की हसायचं, एवढं त्यांना शिकवलेलं होतं. वहिनीचे कान तापले. पण कारण हाती नसताना भांडण्याची तिला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात सदाबहारची दाढ ठणकू लागली. थोरला भाऊ दंतवैद्य. दुपारी तो त्याच्या खुर्चीत जाऊन आडवा झाला. नवऱ्याच्या दवाखान्यात डबा घेऊन आलेली वहिनी पडद्यापलीकडे जेवत बसली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काही औषध चालू आहे?" भावाने विचारलं.

"छे!"

"नीट सांग. दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

भावाने सुई उचलली आणि सदाबहार पार विरघळला. "हार्मोनची गोळी घेतो. पाच-सहा वर्षं झाली. रक्त द्यायच्या आधी बंद केली होती, आता परत सुरू केलीय. वहिनीला बोलू नकोस हं."

"ती पलीकडेच बसलीय," भाऊ म्हणाला. "आता आ कर."

वहिनी हात पुसत आत आली. "म्हणजे भांडी स्वच्छच होती तर. भाऊजी, मोकळं हार्मोन भराभर उतरतं. चरबीत मुरलेलं एवढ्यात जात नाही. त्याला तुम्ही कळवायला विसरलात."

"वहिनी, घरातली गोष्ट घरातच..."

"माझी भांडी तुम्ही प्रयोगशाळेत काढलीत. हेही तिथेच निघेल."

पुढच्या बैठकीत ती तोंड उघडणार, तेवढ्यात गाल सुजलेला सदाबहार उभा राहिला. "मित्रांनो, आता सांगायला हरकत नाही. इतकी वर्षं मी गुपचूप स्वतःवर प्रयोग करत होतो. विज्ञानासाठी!"

टाळ्या पडल्या. तो निदान मान तरी खाली घालेल, असं वहिनीला वाटलं होतं. या माणसावर आपण राग खर्च केला, याचीच तिला लाज वाटली.

"छान," ती म्हणाली. "मग प्रयोग पुरा करा. गोळी आजपासून बंद. दर सोमवारी रक्त द्यायचं. चिकटलेलं हार्मोन किती सावकाश उतरतं ते कळेल. आणि आपल्या शोधलेखात लिहायचं, की या व्यक्तीने गोळ्या घेत असल्याचं लपवलं होतं."

"लपवलं... हा शब्द जरा..."

"दुसरा सुचत असेल तर सांगा. नाहीतर लेखातून माझं नाव काढा आणि पुढच्या ग्रंथी स्वतः सोला."

त्याने आजूबाजूला पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. बर्फाचा डबा टेबलावरच होता. तो खाली बसला.

तेव्हापासून दर सोमवारी तो बाही वर करून भिंतीकडे तोंड करून बसू लागला. आकडा उतरत होता, पण अगदी रेंगाळत. एकदा त्याने हळूच विचारलं, "वहिनी, तो शब्द अजून तसाच आहे?"

"तसाच आहे."

"बरं," म्हणून त्याने कापूस दाबून धरला. त्याला असा बसलेला पाहून आपल्याला बरं वाटेल, असं तिला कधीतरी वाटलं होतं. तसं काहीच वाटलं नाही. माणूस टाकाऊ होता. नमुना मात्र चांगला होता. तिने नळीवर तारीख घातली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.